उडता सरडा पाहायचा तर आधी खोड पाहायला शिका

पहिले तीन रविवार मी फुकट घालवले. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात माझ्या मामाची पोफळीची, म्हणजे सुपारीची बाग आहे. खाली ओहोळ, वर जंगल. बागेत उडता सरडा आहे हे लहानपणापासून ऐकून होते, पण शाळेत विज्ञान शिकवायला लागल्यावर लाज वाटायला लागली, की मुलांना वटवाघूळ आणि उडती खार सांगते आणि आपल्याच बागेतला प्राणी मी पाहिलेला नाही. म्हणून दुर्बीण घेतली आणि दोन झाडांमधल्या मोकळ्या आभाळाकडे बघत उभी राहिले. नाव ‘उडता’ ना, मग तो उडतानाच दिसणार! चौथ्या रविवारी मामा पाण्याचा पाट वळवायला आला आणि म्हणाला, “गो बाय, वर काय बघतंस? खोडाक बघ. तो काय कावळो न्हय.” आणि हनुवटीनेच दाखवलं. माझ्यापासून दहा पावलांवर, माझ्या छातीच्या उंचीवर तो बसलेला होता. बहुधा सकाळपासून.

तेव्हापासून मी ज्यांना ज्यांना घेऊन जाते त्यांना पहिली गोष्ट हीच सांगते. हा प्राणी दिवसातला जवळजवळ सगळा वेळ खोडाला चिकटून असतो. उडतो तो क्षणभर. तो क्षण शोधायला गेलात तर दोन्ही हुकतं. बसलेला शोधा, उडणं आपोआप पदरात पडतं.

दुर्मीळ म्हणजे किती, हे आधी बोलून घेऊ, कारण बरेच जण त्या शब्दामुळे प्रयत्नच करत नाहीत. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत हा सरडा ‘धोका कमी’ या गटात आहे. जगात मात्र तो फक्त पश्चिम घाटात आणि त्याच्या आसपास आढळतो. ड्रॅको या प्रजातीत चाळीसच्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक आग्नेय आशियात, दोनेक आपल्या ईशान्य भारतात, आणि त्या सगळ्यांपासून दूर, एकटी पडलेली ही आपली, ड्रॅको डुसुमिएरी. 1837 साली ड्युमेरिल आणि बिब्राँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तिचं वर्णन केलं आणि नाव दिलं डुसुमिए या व्यापाऱ्याचं. जहाजं घेऊन आपल्या किनाऱ्याला यायचा, मालाबरोबर मासे आणि सरपटणारे प्राणी गोळा करून न्यायचा. महाराष्ट्रात हा सरडा पाहायचा तर सिंधुदुर्गाचा दक्षिण भाग बरा. तिथून खाली गोवा, कर्नाटक, केरळ असा सह्याद्रीच्या ओल्या अंगाने तो पार दक्षिणेपर्यंत आहे. थोडक्यात, तो कमी आहे म्हणून दिसत नाही असं नाही. आपण त्याला खोडाचा भाग समजून पुढे जातो.

जंगल की बाग

शिकताना बागच निवडा. हे ऐकून जंगलप्रेमी मंडळी नाराज होतात. तिलारीचं राखीव संवर्धन क्षेत्र (2020 साली जाहीर झालं, साधारण साडेएकोणतीस चौरस किलोमीटर) इथून जवळ आहे, मग पोफळीत काय बसायचं? पण सदाहरित जंगलात खोडांवर वेली, शेवाळ, बांडगुळं, आणि सरड्याला हवा असलेला उजेड पन्नास-साठ फुटांवर. नवख्या माणसाने तिथे जाऊन मान मोडून घ्यायची, एवढंच होतं. पोफळीचं खोड सरळ, फांद्या नाहीत, दोन झाडांत नऊएक फुटांचं अंतर, मध्ये मोकळी हवा. घसरत उडणाऱ्या प्राण्याला याहून बरी जागा माणसाने मुद्दाम केली नसती. जंगलाला लागून असलेली, जुनी, उंच झाडांची बाग मिळाली तर सोनं. मिरवेल चढवलेली खोडं सोडून द्या. तिथे सरडा असला तरी पानांत दिसत नाही. मला तरी कधी दिसला नाही.

बागमालकाला विचारून जा, आणि अभयारण्यात जायचं असेल तर वनखात्याची परवानगी काढा. पावसाळ्यापूर्वी पोफळीवर कोळेरोगासाठी (फळं कुजवणारा रोग) बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना फवारतात. त्या आठवड्यात बागेत जाऊ नका, तुमच्या डोळ्यांसाठी आणि फवारणाऱ्यांच्या कामासाठीही.

कधी, कुठे बसायचं

सकाळी आठ ते दुपारी एक. थंड रक्ताचा प्राणी, आधी ऊन घेतो, मग खायला लागतो. ऊन खोडावर उतरलं की तोही हलायला लागतो. ढगाळ दिवशी दहापर्यंत घरी चहा प्या. माझ्या वहीतल्या बहुतेक नोंदी पावसाळा सरल्यानंतरच्या आहेत, पण त्याचं एक कारण हेही आहे की धो धो पावसात मीच कमी बाहेर पडते. तेव्हा यावरून सरड्याबद्दल निष्कर्ष काढू नका, माझ्याबद्दल काढा.

सूर्य पाठीशी घ्या. समोर आठ-दहा पावलांवर चार-पाच खोडं येतील अशी जागा धरा आणि बसा. खुर्ची किंवा स्टूल न्या, पाचोळ्यात बसू नका. हे मी आरामासाठी सांगत नाही. दोडामार्ग, बांदा या भागात 2016-17 मध्ये माकडतापाची साथ झाली होती. शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात 1957 साली सापडलेला हा रोग गोचिडीच्या चाव्यातून होतो, आणि त्याचे दिवस नेमके कोरडे, म्हणजे आपण सरडे बघायला निघतो तेच. पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यांत खोचलेला, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि आंघोळ. परिसरात माकडं मेलेली दिसली तर त्या बाजूला जाऊच नका, आरोग्य केंद्रात कळवा. नंतर ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आठवणीने सांगा. आणखी एक, बसण्याआधी वर बघा. पिवळी पडून लोंबणारी झावळी डोक्यावर नको. एकदा माझ्या स्टुलावर पडली होती, मी पाणी प्यायला उठले होते म्हणून वाचले.

खोड कसं वाचायचं

आता मुख्य काम. खोडाच्या तोंडावर शोधू नका, कडेवर शोधा. समोरून तो राखी-तपकिरी, दगडफुलासारख्या डागांचा, खोडात विरघळलेला असतो. धड जेमतेम बोटभर लांबीचं, शेपटी त्याहून लांब, सगळा मिळून वीतभर किंवा थोडा जास्त. पंख पूर्ण मिटलेले, अंगालगत घडी घातलेले, असून नसल्यासारखे. पण खोडाची कड ही सरळ रेघ आहे, आणि त्या रेघेवर कुठे टेंगूळ दिसलं तर तिथे थांबा. पोफळीवर टेंगूळ असायचं कारण नाही.

एकेक खोड खालून वर, मग वरून खाली. साध्या डोळ्यांनी. दुर्बीण संशय आल्यावर लावा. आठ पटीची पुरते, मात्र जवळचं स्पष्ट दाखवणारी हवी. दुकानात डोंगर बघून घेऊ नका, काउंटरवरची पावती वाचता येते का ते बघा.

मुंग्यांची रांग सापडली तर अर्धं काम झालं. मुंग्या आणि वाळवी हेच याचं मुख्य खाणं. पाठलाग नाही, झडप नाही. रांगेशेजारी बसायचं आणि जिभेने एकेक टिपायची. माझ्या एका विद्यार्थ्याने याला ‘पंगतीला बसलेला सरडा’ म्हटलं, ते मला फार आवडलं. ज्या खोडावर मुंग्यांची वर्दळ आहे ते खोड सोडू नका, आज रिकामं असेल तर उद्या भरलेलं असेल.

तुम्ही जवळ गेलात तर तो पळत नाही, फिरतो. खारीसारखाच, खोडाच्या पलीकडे सरकतो आणि तुम्ही जितकं फिराल तितका तो फिरतो. यावर उपाय दोन. जोडीदार असेल तर एकाने पलीकडे आधीच बसावं. एकटे असाल तर हलू नका. वीस मिनिटांत तो परत या बाजूला येतो, कारण ऊन या बाजूला असतं.

पिवळी ठिणगी

कधी कधी सरडा दिसण्याआधी त्याचा गळा दिसतो. राखी खोडावर अचानक लिंबाच्या सालीसारखं पिवळं काहीतरी चमकतं आणि जातं. पुन्हा चमकतं. हा नर. गळ्याखालची कातडीची टोकदार पताका तो जिभेखालच्या हाडाच्या जोरावर पुढे ढकलतो, उघडतो, मिटतो. मादीलाही ती असते, पण आखूड आणि निळसर राखी. म्हणून नर-मादी ओळखायला अंगाचा रंग बघू नका, गळा उघडेपर्यंत थांबा.

नर आपली खोडं राखतो. त्याच्या खोडावर दुसरा नर उतरला की पताका, वर अर्धे उघडलेले पंख, असा सगळा थाट. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं, आलेला निघून जातो. मादीसमोरही हेच, आणि मग तो तिच्याभोवती खोडावरच गोल गोल फिरतो. गळ्याची उघडझाप मी मोजून ठेवते, पण त्या आकड्यांचा काही उपयोग होईल असं अजून वाटलेलं नाही. मोजायला छान वाटतं, एवढंच.

उड्डाण

इथे वाचकांची नाराजी पत्करून सांगते, की हा उडत नाही. हवेतून घसरतो. पंख हलवून वर चढणं त्याला जमत नाही, प्रत्येक झेपेत उंची जातेच. म्हणूनच त्याचा दिवस ठरावीक असतो. खोडावर खालच्या बाजूला उतरायचं, खात खात वर चढायचं, पुरेसं वर गेलं की पुढच्या खोडाकडे झेप, की पुन्हा खाली. हे एकदा लक्षात आलं की तुम्हाला अंदाज बांधता येतो. सरडा खोडाच्या खालच्या भागात आहे? निवांत बसा, इतक्यात काही होत नाही. बराच वर गेला, खायचा थांबला, मान एका बाजूला वळवून दुसऱ्या खोडाकडे तोंड केलं? दुर्बीण खाली ठेवा.

हो, खाली ठेवा. दुर्बिणीतून उड्डाण कधीच सापडत नाही. त्या दोन खोडांमधल्या रिकाम्या जागेवर नजर लावा. आधी तो नुसता पडतो, दगडासारखा, आणि तुमच्या पोटात गोळा येतो. मग अंगाच्या दोन्ही बाजूंना पडदा उघडतो, पडणं तिरकं होतं, सपाट होतं आणि समोरच्या खोडाजवळ तो तोंड वर करून, चारही पाय पुढे टाकून चिकटतो. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. ड्रॅको प्रजातीतल्या सरड्यांची 60 मीटरपर्यंतची झेप नोंदलेली आहे. आमच्या बागेत मला पावलांनी मोजता आलेली सर्वांत लांब झेप बावीस पावलांची, पण बागच तेवढी आहे.

उंची किती गेली ते मोजायला पोफळीइतकी सोय कुठल्याच झाडाची नाही. खोडावर झडलेल्या झावळ्यांच्या खुणांची वलयं असतात. निघाला कितव्या वलयावरून, चिकटला कितव्यावर, मोजा. वलयांतलं अंतर सगळीकडे सारखं नसतं हे खरं, पण शेजारच्या दोन झाडांची तुलना करायला पुरतं. पाचवीतलं पोरही हे करू शकतं, आणि माझ्या पोरांनी केलंही.

तो पडदा बरगड्यांवर ताणलेला असतो. वटवाघळाचा पंख बोटांवर, उडत्या खारीचा हातापायांत, आणि याचा लांब झालेल्या पाच ते सात जोड बरगड्यांवर. छत्रीच्या काड्या जशा उघडतात तशा त्या बाहेर येतात. वर्गात हे सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, “बाई, पंख बरगड्यांचे, मग उडताना हात काय करतात?” तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. मी ‘पुढे पसरलेले असतात’ असं ठोकून दिलं. मग वाचलं, की 2017 साली डेलिंग या संशोधकाने आपल्या याच पश्चिम घाटातल्या सरड्याचा अभ्यास करून दाखवलं आहे की झेप घेतल्यावर तो दोन्ही हात मागे नेतो, मनगट वळवतो आणि पंखाची पुढची कड चक्क हातांनी धरतो. पाठीला बाक देतो. उतरताना सोडतो, कारण आता खोड धरायला हात हवेत. पुढच्या तासाला मी वर्गात माझं उत्तर दुरुस्त केलं. साध्या डोळ्यांना हे दिसणार नाही, मोबाइलवर हळू गतीचं चित्रण करून, एखादा थांबवलेला क्षण बघा. माझ्याकडे सत्तरेक प्रयत्नांतला एकच असा आहे, तोही अर्धा झावळीआड.

पंखाची वरची बाजू तपकिरी, डागांची, आणि उघडल्यावर तो पानासारखा दिसतो. बोर्निओतल्या ड्रॅको कॉर्न्युटस या जातीवर 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पंखांचा रंग त्या त्या जागी गळणाऱ्या पानांशी जुळतो असं आढळलं. खारफुटीत लालसर, पर्जन्यवनात तपकिरी-हिरवा. आपल्या सरड्यालाही तेच लागू आहे असं मी म्हणणार नाही. पण पानगळीच्या दिवसांत मी किती ‘सरडे’ लिहून नंतर खोडले आहेत ते वहीत दिसतं.

जमिनीवर दिसला तर

नराला जमिनीवर यायचं फारसं कारण नसतं. तेव्हा खाली मातीत उडता सरडा दिसला तर ती बहुधा मादी आहे आणि अंडी घालायला आली आहे. इथे तुमची खरी परीक्षा. ती तोंडाने माती उकरून लहानसा खड्डा करते, चारेक अंडी घालते, माती ओढते आणि डोक्याने ठोकून बसवते. झाडावर तिच्यासारखी चपळ कोणी नाही, पण जमिनीवर ती उघडी पडते. मांजर, कुत्रा, कोंबडी, साप, सगळ्यांना सापडते.

पहिल्यांदा मला हे दिसलं तेव्हा मी फोटोसाठी चार पावलं पुढे गेले. ती खड्डा अर्धवट टाकून खोडावर चढली आणि दिवसभरात खाली आली नाही. त्या दिवशीचा फोटोही धड आला नाही, म्हणजे दोन्हीकडून गेलं. आता मी पंधरा पावलांच्या आत जात नाही, कुत्र्याला घरी बांधायला सांगते आणि ती वर गेल्यावरही लगेच जागा बघायला धावत नाही. खूण म्हणून दगड किंवा काठी ठेवू नका, खुणेमुळे माणसंच येऊन उकरतात. जवळच्या झाडापासूनची पावलं वहीत लिहा.

अंडी उबायला साधारण पन्नास दिवस लागतात. बागेत तेवढ्या दिवसांत खुरपणी, खत, पाणी सगळं होणार. म्हणून मामाला एकाच गोष्टीची विनंती केली, की त्या झाडाच्या आळ्यात या खेपेला कुदळ लावू नको. “एका पोफळीन काय जाता माझा,” म्हणाला. पिल्लं बाहेर पडताना मला दिसली नाहीत. त्रेपन्नाव्या दिवशी गेले तेव्हा मातीला बोट जाईल एवढं भोक होतं. ते सरड्याचंच की आणखी कशाचं, हे मला ठरवता आलं नाही, म्हणून वहीत प्रश्नचिन्ह आहे.

काठी

हे वेगळं सांगते, कारण राग आहे. पाहुण्यांना ‘उडवून दाखवण्यासाठी’ खोडावर काठी मारतात. एका सहलीत मी स्वतः हे पाहिलं, आणि आधी कबूल करते, पहिल्या वर्षी मीही एकदा मारली आहे. सरडा उडतो, सगळे टाळ्या वाजवतात. पण त्याने सकाळपासून मुंगी-मुंगी करून कमावलेली उंची एका झेपेत जाते, पुन्हा चढावं लागतं, आणि चढताना पुढची काठी. सोनसर्पासारखा झाडावरचा शिकारी शेजारीच असेल तर आपण त्याला सांगितलंच, सरडा कुठे आहे ते. धरून पंख ओढून दाखवणं तर अजिबात नको. पाळता येतो का, असं विचारणारेही भेटतात. मुंग्या-वाळवीवर जगणारा, झाडं बदलत फिरणारा प्राणी पेटीत काय करणार?

फोटो टाकताना गावाचं नाव पुरे. बागेचं नाव, नकाशावरचा नेमका बिंदू नको. निरीक्षणं नोंदवण्याच्या संकेतस्थळांवर जागा धूसर करण्याची सोय असते, ती वापरा.

वही

तारीख, वेळ, ऊन की ढग, झाड कुठलं, जमिनीपासून उंची, गळा पिवळा की निळसर, खात होता का, झेप असेल तर पावलं आणि वलयं. एवढं पुरे. आणि दिसला नाही तर तेही लिहा. मामाच्या बागेच्या पलीकडचा उतार काही वर्षांपूर्वी मोकळा करून तिथे रबर लावलं. खोडं तिथेही सरळ आहेत, अंतरही बरं आहे, म्हणून बागेतली बैठक संपली की मी अर्धा तास तिकडे बसते. आत्तापर्यंत अकरा बैठका, वहीत अकरा शून्यं. शून्य म्हणजे तो तिथे नाहीच असं मी धरत नाही. पोफळीतही माझे पहिले तीन रविवार शून्याचे होते, आणि तेव्हा तो दहा पावलांवर होता. वीस बैठका पुऱ्या करून बघणार आहे.